बांध फोडला की बीव्हर तो रातोरात का बुजवतात, आणि तुमच्या अंगणातल्या पाण्याचं काय करायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकीचं समजले असेन तर सांगा. पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये दोन वर्षांपूर्वी तुम्ही घर घेतलं. मागून ओढा जातो. यंदा उन्हाळ्यात बीव्हरनी त्यावर बांध घातला, पाणी तुंबून हिरवळीवर चढलं, सफरचंदाची दोन झाडं आडवी झाली. तुम्ही तीनदा बांधातल्या काठ्या उपसून पाण्याला वाट करून दिली, आणि तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी बांध होता तसा. आता तुम्हाला जाणून घ्यायचंय की हे प्राणी एवढे चिवट का, ते आपणहून जातील का, आणि ओढ्यातले मासे खाऊन संपवतील का.

माशांचं आधी सांगून टाकते, कारण ते सोपं आहे. बीव्हर मासा खात नाही. तो पूर्ण शाकाहारी आहे. झाडाची कोवळी आतली साल, पानं, गवत, उन्हाळ्यात कमळांच्या जातीतल्या पाणवनस्पती आणि त्यांचे कंद, एवढाच त्याचा आहार. आपल्या लोकांचा हा घोटाळा होतो, कारण पाण्यात राहणारा केसाळ प्राणी म्हटलं की आपल्याला पाणमांजर आठवतं. ते मासेखाऊ शिकारी. बीव्हर त्याच्या नात्यातलाही नाही, तो कुरतडणाऱ्या प्राण्यांतला, म्हणजे उंदीर, खार, साळिंदर यांच्या गटातला. फक्त आकार मोठा: पूर्ण वाढलेला बीव्हर साधारण १६ ते ३० किलोंचा भरतो. बीव्हरच्या तळ्यात पाणमांजरंही येतात, त्यामुळे तुम्हाला कुणी मासा खाताना दिसलं तर तो पाहुणा समजा.

मी गेली १६ वर्षं याच भागात बीव्हरच्या तक्रारींवर काम करते. रस्त्याखालची मोरी तुंबली, शेतात पाणी शिरलं, तळघरात ओल आली की लोक बोलावतात. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, ‘बीव्हर कसे घालवायचे?’ पण जागेवर जाऊन तासभर बोललं की कळतं, त्यांना बीव्हरचा त्रास नसतो, पाणी हातभर जास्त चढल्याचा असतो. तुमच्याही प्रश्नात मला तेच दिसतं. ओढ्यात तळं असण्याला तुमची हरकत दिसत नाही, ते हिरवळीवर येण्याला आहे. त्यामुळे खरा प्रश्न असा आहे की पाणी किती उंचीपर्यंत तुम्हाला चालेल, आणि तेवढं पाणी बीव्हरना पुरेल का. ही दोन उत्तरं एकमेकांत बसली तर काम सोपं. नाही बसली तर अवघड, आणि तसं मी तुम्हाला तोंडावर सांगेन.

काही गोष्टी जागा पाहिल्याशिवाय सांगता येणार नाहीत. तुमची सेप्टिक टाकी आणि तिचं शोषक्षेत्र, म्हणजे टाकीतलं सांडपाणी जिथे जमिनीत मुरतं ती जागा, ओढ्याच्या बाजूला आहे की रस्त्याच्या? पिण्याचं पाणी गावच्या नळाचं की स्वतःच्या विहिरीचं? जमिनीचा उतार किती? खाली कुठे रस्ता आणि मोरी आहे का? सपाट जागेत फूटभर पाणी वाढलं तरी अर्धा एकर बुडतो, उताराच्या जागी तेच फूटभर पाणी काठातच राहतं. म्हणून पुढे जे लिहितेय त्यात ‘साधारणपणे’ हा शब्द मनात धरून वाचा.

आता ते बांध घालतात कशासाठी. बीव्हर जमिनीवर जड आणि संथ आहे. पाय आखूड, मागचे पंजे पडदेदार, चाल डुलत. कोयोटी, म्हणजे इकडचा कोल्ह्यासारखा शिकारी, किंवा अस्वलाने गाठलं तर पळून सुटका नाही. पाण्यात मात्र तोच प्राणी वेगळा होतो. नाक आणि कान आतून बंद होतात, डोळ्यांवर पारदर्शक पापणी ओढली जाते, ओठ पुढच्या दातांच्या मागे मिटतात, त्यामुळे तोंडात पाणी न जाता बुडी मारूनही तो फांदी कुरतडू शकतो. एका श्वासावर तो १५ मिनिटांपर्यंत पाण्याखाली राहू शकतो. म्हणजे त्याची सगळी सुरक्षितता पाण्याच्या खोलीत आहे. ओढ्यात खोली नसेल तर तो ती तयार करतो. कनेटिकट नदीच्या मुख्य पात्रात बीव्हर आहेत, पण तिथे ते बांध घालत नाहीत. पाणी आधीच खोल आहे. काठात बीळ खणून राहतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला पत्ताही लागत नाही. बांध दिसला की समजावं, इथे पाणी उथळ होतं.

घराचं दार पाण्याखाली असतं. काठ्या आणि चिखलाचा तो मोठा ढीग तुम्ही तळ्यात किंवा काठाला पाहिला असेल. त्याच्या आत पाण्याच्या पातळीच्या वर एक कोरडी खोली असते, आणि तिथे जायची वाट खालून, पाण्यातून. माथ्यावर ते चिखल थापत नाहीत, हवा खेळायला जागा ठेवतात. जानेवारीत कडाक्याच्या थंडीच्या सकाळी गेलात तर त्या माथ्यावरून वाफ निघताना दिसते आणि भोवतीच्या काठ्यांवर हिमाची पांढरी लव चढलेली असते. आत कुटुंब आहे, जिवंत आहे, हे सांगणारी ती एकमेव खूण. बाकी सगळं तळं पांढरं आणि गप्प.

कारण बीव्हर शीतनिद्रा घेत नाही. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर आहे. तळं गोठलं की ते बर्फाखाली अडकतात आणि वसंतापर्यंत बाहेरचं ताजं अन्न बंद. म्हणून सप्टेंबरपासून ते फांद्या तोडून घरासमोरच्या पाण्यात बुडवून रचतात. वरून पाहिलं तर पाण्यातून डहाळ्यांची टोकं वर आलेली दिसतात, कुणीतरी सरपण टाकून दिल्यासारखी. हिवाळाभर दारातून पोहत बाहेर यायचं, एक फांदी ओढून आत न्यायची, साल खायची, काठी बाहेर टाकायची. हे जमायचं तर बर्फाच्या थराखालीही पाणी मोकळं राहिलं पाहिजे. पाणी कमी पडलं तर दार गोठतं, साठा बर्फात अडकतो.

हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण कळलं ते वेगळ्या तऱ्हेने. कामाला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी एका गावच्या रस्ते विभागाने नोव्हेंबरच्या शेवटी बांध काढायचं ठरवलं. मी सोबत होते. परवानगी हातात होती, मी विरोध केला नाही. दोन तासांत तळं उतरलं. घराचं दार उघडं पडलं, चिखलात ती साठवलेली फांद्यांची रास उताणी पडली. चार दिवसांनी पारा खूप खाली गेला. आठवड्याने परत गेले तेव्हा चिखल दगडासारखा गोठला होता आणि बर्फावर एकाच प्राण्याचे पाऊलठसे ओढ्याच्या खालच्या दिशेला गेलेले होते, मध्ये शेपटी घासल्याची रेघ. डिसेंबरात बीव्हरने जमिनीवरून चालत जाणं म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊक होतं. त्या दिवसापासून ऑक्टोबरनंतर पाणी उतरवायच्या कामाला मी हात लावत नाही, कितीही घाई असली तरी. तुमच्या बाबतीत आता सप्टेंबर संपत आलाय, म्हणजे जे करायचं ते पुढच्या तीन-चार आठवड्यांत.

मग ते रातोरात बांध बुजवतात कसे? इथे एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. स्वीडनमध्ये लार्स विल्सन नावाच्या अभ्यासकाने बीव्हर पाळून त्यांचं निरीक्षण केलं. त्यातल्या काही पिल्लांनी आयुष्यात कधी बांध पाहिला नव्हता, आईबापांकडून शिकायची संधी नव्हती. वाहतं पाणी मिळाल्यावर त्यांनी पहिल्याच खेपेला नीट बांध घातला. पुढे त्याने वाहत्या पाण्याचा आवाज स्पीकरवर लावला. पाणी नव्हतं, फक्त आवाज. बीव्हरनी त्या स्पीकरवर काठ्या आणून रचल्या. म्हणजे बांधाचा नकाशा त्यांच्या डोक्यात नसतो. खळखळ ऐकू आली की ती बुजवायची, ही ओढ जन्मजात असते.

माझ्या अनुभवात आवाज ही सुरुवात आहे, सगळं नव्हे. मुरलेला बीव्हर आवाज ऐकून येतो आणि मग ओढ कुठे लागते ते अंगाने तपासतो. एकदा परवानगी घेऊन मी एका बांधात दाताळ्याने वीतभर रुंद खाच पाडली आणि संध्याकाळी लांब झुडपात बसून राहिले. अंधार पडायला आला तेव्हा पाण्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी लाट उमटत आली, टोकाशी एक तपकिरी डोकं. तो थेट खाचेवर आला नाही. बांधाच्या कडेकडेने हळू पोहत आला, मध्ये थांबत, मिशा पाण्याला लागलेल्या. खाचेपाशी ओढ लागताच वळला आणि गेला. परत आला तो तोंडात अल्डरची फांदी घेऊन. बुंधा खाचेत खुपसला, पानं वरच्या अंगाला राहिली, म्हणजे वाहून येणारा पाला आपोआप त्यात अडकेल. मग चिखल. शेपटीवर चिखल लादून आणतो, शेपटीने लिंपतो, असं लोक सांगतात, ते खरं नाही. पुढच्या दोन हातांनी चिखल छातीशी कवटाळतो, हनुवटीने दाबून धरतो आणि ढकलत आणून फांद्यांच्या वरच्या बाजूला थापतो. त्याचे पुढचे पंजे पडदेदार नाहीत, आपल्या हातासारखे सुटे आहेत. पाऊण तासात खळखळीची झुळझुळ झाली, मग तीही थांबली. तो लगेच गेला नाही. बांधावर अर्धा बाहेर येऊन बसला, मागच्या पायाने अंग विंचरलं. त्या पायाच्या दुसऱ्या बोटाचं नख दुभंगलेलं असतं, कंगव्यासारखं, फर साफ करून तेल पसरवायला. मग पाण्यात सरकला.

आता तुम्ही तीनदा जे केलंत त्याकडे या बाजूने पाहा. काठ्या उपसल्या म्हणजे पाण्याला वाट झाली, आवाज झाला, घरातल्या प्रत्येकाला रात्रीचं काम लागलं. तुम्हाला वाटतं तो हट्ट करतोय, पण त्याला बोलावणं तुम्हीच धाडलंत. शिवाय दर खेपेला नव्या काठ्यांसाठी नवी झाडं तुटतात. तुमचं सफरचंदाचं दुसरं झाड बांध फोडल्यानंतर पडलं का, तारखा जुळवून पाहा.

आणखी एक, आणि हे काळजीने सांगते: मॅसॅच्युसेट्समध्ये परवानगीशिवाय बीव्हरचा बांध किंवा घर मोडणं कायद्याने गुन्हा आहे. पुन्हा हात लावू नका. पाणथळ जागेचं काम असल्याने गावच्या कॉन्झर्वेशन कमिशनला, म्हणजे अशा जागांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीला, विचारावं लागतं. पिण्याच्या विहिरीला, सेप्टिकला किंवा रस्त्याला धोका असेल तर गावचं बोर्ड ऑफ हेल्थ, म्हणजे आरोग्य मंडळ, तातडीची परवानगी देऊ शकतं. दोन्ही कार्यालयांतली माणसं सहसा मदत करतात, कारण हा अर्ज त्यांच्याकडे दरवर्षी येतो.

झाडांबद्दल. पुढचे चार दात, आपण ज्यांना पटाशीचे दात म्हणतो, ते बीव्हरच्या बाबतीत अक्षरशः पटाशी आहेत. पुढच्या बाजूचं कवच लोहामुळे कडक आणि नारिंगी असतं, मागचा भाग मऊ. चावताना मागचा भाग आधी झिजतो, त्यामुळे धार आपोआप लागत राहते, आणि दात आयुष्यभर वाढत राहतात. तुमच्या सफरचंदाच्या बुंध्याशी जाऊन बसा. बुंध्यावर दोन-दोन दातांच्या जोड रेघा दिसतील, खाली बोटभर लांबीच्या ढलप्या पडलेल्या असतील. लाकूड तो खात नाही, ढलप्या टाकून देतो. झाड कुठे पडेल याचा हिशेब त्याला जमत नाही. काठावरची झाडं पाण्याकडे पडतात ती बहुतेक वेळा तिकडे फांद्या जड असतात म्हणून. कधीकधी पडत्या झाडाखाली सापडून बीव्हर मरतोही.

त्याची बहुतेक तोड पाण्यापासून पन्नासेक मीटरच्या आत होते, कारण त्यापुढे जाणं जिवावरचं. म्हणून उपाय सोपा आहे. जी झाडं तुम्हाला हवीत त्यांच्या बुंध्याभोवती लोखंडी वेल्डेड जाळी गुंडाळा, दोन बाय चार इंची घरांची, चार फूट उंच, बुंध्यापासून थोडी सुटी, म्हणजे झाड जाड झालं तरी आवळणार नाही. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी चालत नाही, तो ती वाकवतो. जाळी नको वाटत असेल तर घराबाहेर लावायच्या पाण्यात मिसळणाऱ्या रंगात जाडी वाळू कालवून बुंध्याला फासा. दाताला वाळू लागली की तो सोडून देतो. सगळी झाडं वाचवायच्या मागे लागू नका. विलो, म्हणजे आपल्या वाळुंजाची भावकी, आणि अॅस्पन ही त्याची आवडती झाडं, आणि ती तोडल्यावर बुंध्यातून किंवा मुळातून पुन्हा फुटतात. बीव्हर आणि ही झाडं एकमेकांसोबत लाखो वर्षं राहिलीत.

हे नसेल तिथे काय होतं हे पाहायचं तर दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, तिएर्रा देल फ्वेगोला पाहावं. १९४६ साली अर्जेंटिनात फरच्या धंद्यासाठी उत्तर अमेरिकेतले २० बीव्हर सोडले. धंदा उभा राहिला नाही, बीव्हर मात्र वाढत गेले आणि चिलीत पोचले. तिथली दक्षिणी बीचची जंगलं तोडल्यावर तशी फुटत नाहीत आणि मुळांशी पाणी साचलं तर मरतात. तिथे हाच प्राणी संकट आहे. तुमच्या ओढ्यावर तो घरचा आहे.

घरचा म्हणते, पण मध्ये दीडशेच्या आसपास वर्षं तो इथे नव्हता. १६३६ साली विल्यम पिंचनने कनेटिकट नदीकाठी जी वसाहत वसवली, जिचं पुढे स्प्रिंगफील्ड झालं, ती मुख्यतः बीव्हरच्या कातड्यांच्या व्यापारासाठी. युरोपात त्याच्या आतल्या मऊ लोकरीचा नमदा करून टोप्या बनत. अठराव्या शतकाच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्समधून बीव्हर संपले होते. मग शेतं ओस पडली, जंगल परत आलं, आणि १९२८ साली वेस्ट स्टॉकब्रिजला बीव्हर पुन्हा दिसले. १९३२ साली न्यूयॉर्क राज्यातून आणखी तीन आणून सोडले. १९९६ साली मतदारांनी बहुतेक सापळ्यांवर बंदी आणली आणि संख्या झपाट्याने वाढली. आज आपली घरं, रस्ते, मोऱ्या ज्या सखल जागांत आहेत, त्यातल्या कित्येक ते नसतानाच्या काळात बांधल्या गेल्या. तुमच्या हिरवळीचा खालचा भाग काळ्या, भुसभुशीत मातीचा असेल तर ती बहुधा जुन्या बीव्हर तळ्याच्या तळाची माती आहे.

ते आपणहून जातील का? काही वर्षांनी, खाण्याजोगी झाडं संपली की जातात. बांध कुजतो, तळं उतरतं, गाळावर गवताचं कुरण होतं, आणि झाडं वाढली की पुन्हा कुणी येतं. पण त्यावर तुम्ही विसंबू नका. एका तळ्यावर एकच कुटुंब असतं: जोडी, यंदाची पिल्लं आणि गेल्या वर्षीची. पिल्लं मेच्या शेवटी-जूनमध्ये होतात, साधारण दोन ते चार. पोरं दोन वर्षांची झाली की वसंतात घर सोडून नवा ओढा शोधत निघतात. त्यांना मोकळी जागा हवीच असते. म्हणून सापळे लावून कुटुंब काढलं तरी चांगली जागा एखाद्या वर्षात पुन्हा भरते, मी हे एकाच ओढ्यावर चार वेळा पाहिलंय. पकडून दुसरीकडे सोडणं मॅसॅच्युसेट्समध्ये बेकायदा आहे. उलट एक कुटुंब टिकलं तर ते इतरांना फिरकू देत नाही. काठावर चिखलाचे छोटे ढिगारे दिसतील, जवळ गेलं की चामड्यासारखा, गोडसर उग्र वास येतो. ती त्यांची हद्द. हा स्राव शेपटीजवळच्या पिशव्यांतून येतो. युनानी औषधांत जुंदबेदस्तर म्हणून जे मिळतं ते हेच, म्हणजे बीव्हर आपल्याकडे नसला तरी त्याची ही वस्तू पोचली होती. त्याचं नावही अगदी परकं नाही. संस्कृतातला बभ्रु, तपकिरी या अर्थाचा, आणि बीव्हर हे एकाच मुळातले शब्द आहेत. अवेस्तेत, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, नदीची देवी अनाहिता बीव्हरच्या कातड्यांचं वस्त्र नेसते.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: त्याला खोली हवी, ऑक्टोबरच्या आत हवी, आणि गळती ऐकू आली की तो बुजवणार. म्हणजे त्याला कळणार नाही अशा तऱ्हेने गळती करायची आणि खोली पुरेशी ठेवायची. मी जे बसवते ते यावरच चालतं.

बांधातून साधारण बारा इंच व्यासाचा, दुहेरी भिंतीचा प्लास्टिकचा पाइप आरपार टाकायचा. त्याचं पाणी घेणारं तोंड बांधापासून वर, तळ्यात पंचवीस-तीस फूट लांब आणि पाण्याखाली. त्या तोंडाभोवती जाड तारेच्या सहा इंची घरांच्या जाळीचा मोठा गोल पिंजरा. पाणी पिंजऱ्याच्या सगळ्या अंगांनी हळूहळू आत शिरतं, कुठे खळखळ नाही, कुठे ओढ लागत नाही. बीव्हर गळती शोधतो बांधावर, तिथे काही सापडत नाही. पाइपचा सगळ्यात उंच भाग बांधात जिथे बसवाल, तिथे तळ्याची पातळी ठरते, आपल्या पाझर तलावाच्या सांडव्यासारखी. तळं त्याच्या वर गेलं की जादा पाणी निघून जातं. पहिल्या रात्री ते पाइपवर चिखल थापतील. थापू द्या, पाइप तसाच पुरलेला चांगला.

याच्याही मर्यादा आहेत. पिंजऱ्यापाशी कमीत कमी तीन फूट पाणी उरलं पाहिजे. एका दमात फूट-दीड फुटाहून जास्त उतरवलं तर ते खाली दुसरा बांध घालतात आणि तुमचा पाइपच बुडवतात. माझी जी कामं फसली त्यातली बहुतेक अशीच फसली. मुसळधार पावसात पाइप सगळं पाणी नेऊ शकत नाही, बांधावरून पाणी जाणारच, एक-दोन दिवसांत ते उतरतं. वर्षातून दोनदा पिंजऱ्यावर अडकलेला पाला काढावा लागतो. आणि सेप्टिकचं शोषक्षेत्र तळ्याच्या तीन फुटी किमान पातळीलाही बुडत असेल, तर पाइपने काम होणार नाही. तिथे सापळेवाल्याला बोलावण्याचा सल्ला मी देते, जड मनाने, पण देते. माणसांच्या पिण्याच्या पाण्यावर तडजोड नाही. मुलांनाही त्या तळ्याचं पाणी तोंडात घेऊ देऊ नका, जिआर्डिया या पोट बिघडवणाऱ्या परजीवीचा संसर्ग होतो. तो बीव्हरच नव्हे, इतर प्राणी आणि माणसंही पसरवतात, पण सावध राहिलेलं बरं.

मी माण तालुक्यातली आहे. लहानपणी दर पावसाळ्याआधी गावाने ओढ्यावर दगड रचलेले पाहिलेत, पाणी अडवा, पाणी जिरवा हे शाळेच्या भिंतीवर वाचत मोठी झाले. इथे पहिल्यांदा बीव्हरचा बांध पाहिला तेव्हा मी कितीतरी वेळ तिथून हलले नाही. ओढ्याचा वेग मोडलेला, गाळ वरच बसलेला, खालचं पाणी स्वच्छ, आणि कोरड्या ऑगस्टातही बांधाखाली पाझर चालू. त्यासाठी कुणी निधी मागितला नव्हता. पाण्यात बुडून वाळलेल्या झाडांवर ग्रेट ब्लू हेरॉनची घरटी, म्हणजे आपल्या राखी बगळ्याच्या थोरल्या भावाची. सुतारपक्ष्याने पोखरलेल्या ढोल्यांत वुड डक नावाची बदकं. पश्चिमेकडच्या वणव्यांच्या प्रदेशात आता अभ्यासकांना दिसतंय की बीव्हरच्या ओल्या पट्ट्यात आग लागूनही झाडी हिरवी राहते. तुमच्या मागच्या अंगणात हे सगळं येऊ घातलंय, म्हणून मी इतकं लांब लिहितेय.

आता तुम्ही करायचं ते असं. आज उरलेल्या झाडांना जाळी. उद्या गावच्या कार्यालयात सेप्टिकचा नकाशा मागा, तो त्यांच्याकडे असतो. आणि तळ्याच्या काठाला, सहज हात पोचेल अशा ठिकाणी, एक सरळ काठी रोवा, तिच्यावर इंचांच्या खुणा करा. आज पाणी कुठे आहे ते लिहून ठेवा, पुढचा मोठा पाऊस झाला की त्याच रात्री आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा. हिरवळीची कड, तळघराची फरशी आणि शोषक्षेत्र या तिघांची उंची त्या काठीच्या मानाने किती, तेही पातळी धरून मोजा. हे सगळे आकडे मला कळवा, पाइप कुठे आणि किती उंचीला बसेल ते मी सांगते. मोजायला संध्याकाळी गेलात तर थोडा वेळ गप्प बसून राहा, बांधाच्या वरच्या बाजूला, वारा तुमच्याकडे येईल असे. शेपटीचा फटकारा ऐकू आला तर समजा त्याने तुम्हाला पाहिलं. त्या दिवशी परत या, दुसऱ्या दिवशी थोडं लांब बसा.